लाल दगडांची रांग

नामदेव सुटून आला त्या दिवशी करावे गावानं विमानतळावर गाड्या नेल्या, वेशीपासून बँजो लावला आणि तळ्यापासून त्याच्या दारापर्यंत फटाक्यांची माळ पसरली. पुढचे पंधरा दिवस सरले नाहीत तोच तेच गाव त्याला हसायला लागलं. गावाला बोल लावण्यात अर्थ नाही. परक्या मुलखाच्या कैदेत चार महिने काढून आलेला माणूस, त्याच्याकडून लोकांना बंदुका, कोठड्या, मारहाण असं काहीतरी घसघशीत ऐकायचं होतं. आणि हा साठीला टेकलेला बाप्या घरातल्या घरात बायकोच्या मागं मागं फिरत होता.

गोजरा गॅसपाशी गेली की तो तिच्या मागं. गोजरा ओटीवर आली की तो ओटीवर. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर चढली की हाही एकेक पायरी चढून वर. "वरातीमागून घोरा ऐकला व्हता, बायकोमागून नवरा आता बगला," असं नाक्यावर कुणीतरी बोललं आणि ते गावभर झालं. त्याच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारी परगावची पोरंसुद्धा तोंड फिरवून हसायची.

खोटं कशाला बोला, पहिले दोन दिवस गोजरालाही गोड वाटलं. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशेजारी बसून धड एक चहा प्यायला नव्हता. आधी खाडीतली मासेमारी, मग मातीच्या भरणीचे ट्रक, मग स्वतःच्या बिल्डिंगचं बांधकाम. आता म्हातारपणी का होईना, मागं लागला. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की तो तिच्याकडं बघतच नाही. तो तिच्या टाचांकडं बघतो. ज्या लादीवरून तिचं पाऊल उठतं, त्याच लादीवर, त्याच जागी, तो आपलं पाऊल टेकवतो. मध्ये दुसरीकडं कुठंच नाही.

एकदा ती त्याला बैठकीच्या खोलीत ठेवून मासळी घ्यायला गेली. बाजारात बोलण्यात वेळ गेला. परत आली तर तो खोलीच्या मधोमध उभाच होता, तिनं सोडला होता तिथंच. पंखा चालू होता, टीव्ही चालू होता, बसायला सोफा दोन हातांवर होता. त्याचा पायजमा ओला झाला होता. गोजरानं मासळीची पिशवी खाली ठेवली, पुढं झाली, आणि तिच्या पावलांवरून तो न्हाणीपर्यंत आला. त्या दिवसापासून तिनं त्याला एकटं सोडलं नाही, आणि कुणी हसलं तर वस्सकन अंगावर जायला लागली.

त्यांचा मुलगा केतन त्याला सीवूड्सच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला. म्हणजे गोजरा पुढं, बाप मागं, आणि सगळ्यांच्या मागं फाइल घेतलेला केतन. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वेळ द्या म्हणाला. बाबा बोलत का नाहीत, हेही केतननं विचारलं. त्यावरही वेळ द्या हेच औषध होतं.

आता हे सगळं झालं कशानं, ते सांगतो.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून केतननं आईबापांना परदेशच्या टूरवर पाठवलं. ज्या देशात पाठवलं त्याचं नाव गोजराच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती त्याला डोंगरांचा देश म्हणायची, आपणही तेच म्हणू. त्या देशाचं आणि शेजारच्या देशाचं हाडवैर. मध्ये तारा, चौक्या, बंदुका. टूरवाल्यांनी माणसं नेली ती दुरून बर्फ दाखवायला; सीमेबिमेचं कुणी काही बोललं नव्हतं.

गोजराच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं एक रीत. दुसऱ्याची शीव ओलांडायची तर शिवेवरच्या देवाला नारळ द्यायचा. आपण पाहुणे, तो घरचा. त्याला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. पनवेलला लग्नाला निघाली तरी तिच्या पिशवीत नारळ असायचा. या टूरसाठीही तिनं कापडी पिशवीत एक गुंडाळून घेतला. केतन हसला. "आई, तिकडं कोण देव बसलाय तुझी वाट बघत?" गोजरा म्हणाली, "शीव हाय तिथं देव हाय. तू नको शिकवूस मना."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी डोंगराच्या रस्त्यावर बसचं चाक बसलं. बाकीची मंडळी टपरीत कॉफी पीत बसली. हे दोघं पाय मोकळे करायला रस्त्यानं वर गेले, वळणाच्याही पलीकडं. तिथं रस्त्याखाली एक ओढा होता, ओढ्यापलीकडं मोकळा चढ, आणि चढावर रांगेनं मांडलेले दगड. लाल रंग फासलेले.

गोजरानं एका नजरेत ओळखलं. पाण्याच्या काठाला, रांगेनं, शेंदूर लावलेल्या: साती आसरा नाहीत तर दुसरं कोण? आपल्याकडं विहिरीवर असतात, तळ्यावर असतात, खाडीच्या तोंडाशी असतात. इथंही आहेत म्हटल्यावर तिला इतका आनंद झाला की तिनं तिथंच हात जोडले. तिला काय ठाऊक, त्या मुलखात लाल लावलेला दगड म्हणजे या जमिनीत सुरुंग पेरलेत अशी पाटी असते. कुठल्या पिढीतल्या लढाईत पेरलेले, आणि काढायची कुणाला घाई नसलेले.

तिचे गुडघे दुखत होते. ओढ्यात उतरणं तिच्यानं होणार नव्हतं. "आवं, तुमी जावा," ती म्हणाली. "नारल द्या, नि माझ्या वाटचं पन पाया पडा." नामदेवानं पिशवी घेतली आणि गेला. बायकोचं ऐकून एवढं पटकन तो आयुष्यात कधी कुठं गेला नव्हता.

तो थेट दगडांपर्यंत पोचला. वाकला, पाया पडला, नारळ फोडायला दगड शोधत दोन पावलं इकडं तिकडं झाला. तेवढ्यात वरून आरडाओरडा सुरू झाला. डोंगराच्या माथ्यावर पलीकडच्या देशाचे चारपाच वर्दीवाले, बंदुका रोखून. नामदेव दचकला, पिशवी टाकून बाजूला पळाला, मग हात वर करून थिजला. गोजरा रस्त्यावरून ओरडत होती. वर्दीवाल्यांतला एक हळूहळू खाली उतरला, नामदेवाजवळ आला, वळला आणि परत चढायला लागला. नामदेव त्याच्या मागं मागं. दोघं माथ्यावरून पलीकडं दिसेनासे झाले.

तोवर अलीकडच्या देशाची जीप येऊन गोजरापाशी थांबली होती. तिला दंडाला धरून आत बसवलं. जीप वळणावरून उतरताना मागं डोंगरात एक आवाज झाला. काचा हलल्या. गोजराला जे समजायचं ते समजलं. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं, ते दोन दिवस सोडलं नाही.

ते दोन दिवस तिला एका चौकीत ठेवलं होतं. कुणासाठी आलात, नवरा पलीकडं कशाला गेला, पिशवीत काय होतं. हिंदी जाणणारी एक मुलगी मध्ये बसून विचारत होती. गोजरा एकच सांगत होती की देवाच्या पाया पडायला गेला. हे ऐकून तो अधिकारी प्रत्येक वेळी नव्यानं चिडायचा. तिसऱ्या सकाळी ती मुलगी धावत आली: तुमचा नवरा जिवंत आहे, पलीकडच्यांनी धरून ठेवलाय. गोजरानं तिचे हात धरून मटामटा मुके घेतले. पुढं गावात आल्यावर ती ज्याला त्याला सांगायची, देव तारी त्याला कोण मारी. तो जिवंत आहे एवढ्यात तिचं सगळं आलं. आवाज कसला होता, ते तिनं कुणाला विचारलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

मग केतनच्या फेऱ्या सुरू झाल्या, दिल्लीपर्यंत. हेर असल्याचा संशय, चौकशी चालू आहे, वाट बघा. गाव आधी रोज यायचं, मग आठवड्यानं, मग सणावारी. होळी आली तेव्हा घराण्याचा मान नामदेवाऐवजी त्याच्या धाकट्या भावानं, सितारामानं चालवला. कुणी काही वाईट बोललं नाही. पण होळीभोवती सिताराम फिरला तेव्हा गोजरानं तिकडं पाठ केली. सिताराम चांगला दीर होता. वाईट असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

आणि आता नामदेव घरात होता, मुलीचं लग्न तोंडावर होतं, आणि घराण्याचा मान कुणी चालवायचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मनस्वीचं लग्न टूरच्या आधीच ठरलं होतं. बाप नाही म्हणून एकदा पुढं ढकललं, वरपक्षानं समजून घेतलं. आता हळदीचा दिवस धरला. यांच्या घराण्यात हळदीच्या सकाळी लग्नाचं पहिलं आमंत्रण गावदेवीला जातं. घरधनी ताट घेऊन पुढं चालतो, त्याच्या मागं वाजंत्री, मग धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण, मग घरच्या बाया आणि गाव. देवीपुढं घरधनी आपल्या घरच्या मेलेल्या माणसांची नावं घेतो आणि त्यांना लग्नाला बोलावतो. ते झाल्याशिवाय हळद जात्यात पडत नाही. जिवंत पाहुण्यांना पत्रिका व्हॉट्सॅपवर गेली तरी चालते, मेलेल्यांना मात्र पायांनी जाऊन सांगावं लागतं.

सिताराम आदल्या दिवशी ओटीवर येऊन बसला. "वैनी, मी जातू ताट घेऊन. दादाला कशाला तरास? होळीला पन मीच गेल्तू ना."

आतून मनस्वी तरातरा बाहेर आली. हातांची मेंदी अजून ओली होती. "काका, बाबा आहेत ना अजून? मग तुम्ही कशाला? तुम्ही गेलात तर मी हळदीला बसणारच नाय. टेन्शन घेऊ नका, मंडपवाल्याला मी सांगते."

"पोरी, तो दाराच्या बाहेर येत नाय एकटा."

"मग नाय तर नाय. लग्न रजिस्टर करते."

नामदेव गोजराच्या मागं उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं लेकीकडं बघितलं आणि परत गोजराच्या टाचांवर नजर लावली. गोजराला त्या क्षणी त्याचा राग आला, सितारामाचा आला, त्या डोंगरांच्या देशाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एकदा का उद्या सिताराम पुढं चालला की नामदेव जन्मभर घरात बसूनही गेलेल्यांत जमा. गाव माणसाला वजा करायला एकदा शिकलं की परत धरत नाही.

"ताट हेच नेतील," ती म्हणाली. "मी यांच्या पुरं चालंन."

धवलारीण भिमाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. पंचक्रोशीतली लग्नं तिच्या गळ्यावर लागलेली. तिच्यापुढं नगरसेवकही आवाज चढवत नसे. तिनं सूप खाली ठेवलं. "बाय, घरधन्याच्या पुरं कोन नाय चालत. मानसाच्या पुरं चालतो तो मयताचं मरकं धरनारा. मेल्याच्या पुरं चालतात. जित्याच्या नाय."

सितारामानं मान खाली घातली.

"मना नको सांगू रीत," गोजरा म्हणाली. "रीत पालली म्हनून तर ह्या दिवसाला आलू. उद्या मी पुरं चालनार. देवीला राग आला तर मना खाऊ दे."

भिमाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "चाल," ती म्हणाली. "मी मागं गाईन. कोन काय बोलला तर माझ्याकडं धाड."

सकाळी दारापुढं सगळं गाव जमलं होतं. अर्धं मानाला आलेलं आणि अर्धं तमाशाला. नामदेवाला नवा सदरा घातला होता, डोक्याला टोपी, हातात ताट: सुपारी, हळदकुंकू, तांदूळ. नारळ गोजरानं सगळ्यांत शेवटी ठेवला. तिनं चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि रस्त्यावर पहिलं पाऊल टाकलं. मागं वळून बघितलं नाही. मागं उंबऱ्यावर काचेच्या बांगडीएवढाही आवाज नव्हता. मग तिला त्याचा श्वास ऐकू आला, आणि अनवाणी पाऊल डांबरावर टेकल्याचा चट्ट आवाज. वाजंत्री सुरू झाली.

तशी वाट केवढी? गल्ली संपली की किराण्याचं दुकान, मग शाळा, मग तळं, तळ्याच्या अंगाला देवी. गोजरा रोज जायची. ती नेहमीसारखी चालली, फक्त जरा हळू. बाया मागून गात होत्या, गच्च्यांवरून लोक मोबाइल धरून उभे होते. कुणी हसलं नाही. मध्येच केतनचा आवाज आला, "बाबा, मस्त!" गोजराला वाटलं, झालं, जमलं.

किराण्याच्या दुकानाशी पाण्याचा टँकर आडवा अडकला होता. ड्रायव्हर पुढं मागं करत होता, चार जण त्याला चार दिशा दाखवत होते. मिरवणूक थांबली, बँजोवाल्यांनी घाम पुसायला हात थांबवले. त्या शांततेत गोजराच्या मानेशी नामदेव बोलला. घरी आल्यापासून एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलत होता.

"गोजरे, खाडीत मी पुरं चालायचू, आठवतं?"

"हाव." तिनं मान वळवली नाही. कशी वळवणार? वळली असती तर पाऊल हललं असतं.

"चिखलात बाकीची माझ्या पावलात पाऊल टाकायची. सगली निवांत. पन पुरं चालतो त्याला कोनाचं पाऊल नसतं गो. त्याला आपलं आपन टाकायला लागतं."

"कशाला आता ते?"

"त्यो शिपाई तसाच चालत व्हता. आपल्या केतनएवढा. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मागं बघायचा, मी बरोबर तिथंच ठेवलं का. पाय कापत व्हते त्याचे. वर पोचलू तवा हसला. मना पानी दिलं त्यानं, त्याच्या बाटलीतलं."

टँकरवाला ओरडत होता. गोजराला दुकानातल्या बरण्या दिसत होत्या, बरण्यांतल्या गोळ्या दिसत होत्या.

"मग त्यांच्या सायबानं इचारलं, पिशवीत काय हाय. नारल कसा सांगायचा त्यांना? मी हातानं दावला. असा गोल, असा कठीन, नि असा आपटून फोरायचा." तो थांबला. "सायबाचं तोंड पांढरं परलं. त्यानं त्यालाच धाडला. पिशवी बघून ये. वाट त्यालाच म्हायती ना. तो आपल्याच पावलांवरनं गेला, एकदम बरोबर गेला. पन पिशवी मी पलताना टाकली व्हती. ती जरा बाजूला परली व्हती."

काचा हलल्याचा तो आवाज गोजराच्या छातीत आज पोचला. चार महिने आणि वर किती दिवस तो येत होता, आणि ती देव तारी म्हणत हिंडत होती.

"तो..." ती म्हणाली.

"हाव," नामदेव म्हणाला. "तोच."

टँकर निघाला. बँजो वाजला, मागून बायांनी धवला उचलला, कुणीतरी म्हणालं, चला चला, ऊन होतंय. सगळं गाव गोजराच्या एका पावलावर खोळंबलं होतं. तिनं खाली बघितलं. जागोजाग खडी टाकून बुजवलेला डांबरी रस्ता, त्यावर शेण, पानाची पिचकारी, कुणाच्या तरी वाढदिवसाचे चकचकीत कागद. हा रस्ता तिनं सून म्हणून आल्यापासून तुडवला होता, आणि आता तिला त्यातली एक वीतही ओळखीची वाटेना. पोरगा असाच उभा राहिला असेल. मागं एक म्हातारा, त्याची सगळी भिस्त आपल्या टाचेवर. त्याला घरी जायचं असेल, जेवायचं असेल.

तिनं पाऊल टाकलं. काही झालं नाही. दुसरं टाकलं. दरवेळी पाय टेकण्याआधी तिच्या पोटरीतून कळ निघत होती. शाळेशी येईपर्यंत तिच्या पाठीला घामाची धार लागली होती. बायांना वाटलं, भक्तीनं अंग भरलंय. एकीनं पदरानं तिचा चेहरा टिपला. तळ्याच्या काठानं ती कशी गेली ते तिलाच ठाऊक. देवळाच्या पायरीपाशी ती थांबली. वर जायला तिच्यात त्राण उरलं नाही. ती बाजूला कठड्याला टेकली.

आणि नामदेव तिच्या बाजूनं पुढं गेला. आपल्या आपण. तीन पायऱ्या चढला, तिच्याकडं न बघता, तिच्या पावलांकडंही न बघता. गावातून एक हुंकार उठला. केतन रडायलाच लागला. सितारामानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

नामदेवानं ताट देवीपुढं ठेवलं. शेंदरानं माखलेल्या देवीच्या तांदळ्याकडं, त्या बिनघडीव लाल दगडाकडं, त्यानं बघितलं. मग वाकला आणि खणखणीत आवाजात, जसा पूर्वी खाडीत होडीवरून हाक मारायचा तसा, नावं घ्यायला लागला. आजा चांगो, लग्नाला ये. आजी ठमाबाय, लग्नाला ये. बापूस जोमा, लग्नाला ये. आयस राही, लग्नाला ये. प्रत्येक नावामागं भिमाबाई ते नाव सुरात उचलत होती आणि बाया झेलत होत्या.

"तोमीर," नामदेव म्हणाला. "लग्नाला ये."

भिमाबाईचा सूर लटकला. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सिताराम कुजबुजला, "ह्यो कोन? आपल्यात कोन नाय असा."

कठड्याला टेकलेली गोजरा एकटीच जाणत होती. तिनं भिमाबाईकडं बघितलं. काय बघितलं कोण जाणे, पण म्हातारीनं डोळे मिटून घेतले. "घरधन्यानं नाव घेतलं," ती म्हणाली, "म्हंजे घरचाच." आणि तिनं ते परकं नाव गळ्यात घेतलं, चांगो आणि जोमाच्या चालीवर बसवलं. सगळ्या बायांनी ते झेललं. कराव्याच्या तळ्यावरून, सीवूड्सच्या टॉवरांकडं, एका पोराला लग्नाचं बोलावणं गेलं. तो कुणाचा कोण, हे गाणाऱ्यांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

परतताना नामदेव पुढं होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, देवीनं गाठ सोडवली म्हणत होते. नाक्यावर ज्यानं घोड्याचा विनोद केला होता तोच सगळ्यांत मोठ्यानं जयजयकार करत होता. गोजरा बायांच्या घोळक्यात होती. दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं, आणि ते बरं होतं.

दारात घरधन्याच्या पायांवर पाणी घालायची रीत. बाकीचे मंडपात गेले, हळदीचं जातं मांडायची गडबड सुरू झाली. गोजरा तांब्या घेऊन उंबऱ्याशी बसली. कैदेतून आल्यापासून त्यानं पायांना कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्यानं पाय पुढं केले. तिनं पाणी घातलं, धूळ निघाली, टाचेच्या भेगा दिसल्या.

"त्याला आयस हाय?" तिनं खालच्या मानेनं विचारलं.

"हाय. आल्ती मना बघाया. तिथं, कोठडीत. त्यांनी आनली व्हती."

"काय बोलली?"

नामदेव उंबऱ्याच्या चौकटीला हात धरून उभा होता. "मना वाटला मारंल. मी म्हटला, मार. पन ती काय बोललीच नाय. खाली बसली, तू बसलीस ना तशीच, नि माझ्या पायांकडं बघत रायली. मग दोनी हातांनी धरले. किती तरी वेल सोरलेच नाय. शेवटाला शिपायांनी तिला उचलून नेली."

मंडपातून मनस्वी हाका मारत होती. "आई, कुठं राह्यलीस? हळद थांबलीय ना तुझ्यासाठी!" बाया हसत होत्या, बँजोवाले चहा मागत होते. तांब्या कलंडून पाणी ओटीभर गेलं. नामदेवाचे दोन्ही पाय गोजराच्या हातात होते, गरम आणि धडधाकट, आणि काही केल्या ते तिला सोडवेनात.